तलावात फेकलेला कॅमेरा

महेश्वर हिप्परगीने तो कॅमेरा कंबर तलावात फेकून दिला होता. असं त्याने स्वतः, फोटोग्राफर मंडळाच्या साठ माणसांसमोर, माझ्या वडिलांना तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे गेल्या ऑगस्टमध्ये त्याचा मुलगा अमरेश तोच कॅमेरा पिशवीतून काढून माझ्या बहिणीच्या टेबलावर ठेवायला लागला, तेव्हा माझ्या हातातला चहा बशीत सांडला.

माझी बहीण रुद्राणी. तिला मी अक्का म्हणते. वय पन्नास, लग्न केलं नाही, चष्म्याच्या वर आणखी एक भिंग लावून बसते. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या एका खोलीत ती जुने फिल्मचे कॅमेरे दुरुस्त करते. आता कॉलेजच्या पोरांना पुन्हा रीळ भरून फोटो काढायची हौस आली आहे, त्यामुळे पुणे, हुबळी, हैदराबादहून तिच्याकडे पार्सलं येतात. एक जण नीट दुरुस्त झालेला कॅमेरा पाहून दहा जणांना सांगतो. ती मात्र गिऱ्हाइकाशी चार वाक्यांच्या वर बोलत नाही. बोलण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी धनलक्ष्मी, एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तिच्या खोलीत चहा पीत बसते. मी रागीट आहे. ते मला कुणी सांगायची गरज नाही.

"अक्का, ह्याचा फोकस बघा की," अमरेश म्हणाला. "खिडकीत एकदम बरोबर दिसालंय. पन रीळ धुऊन आणलं तर माणसं पुसट. बाबांच्या कपाटात अगदी मागं सापडला."

एकोणीस ऑगस्टला छायाचित्रण दिन. त्या दिवशी मंडळ महेश्वरचा मोठा सत्कार करणार होतं. शाल, मानपत्र, भाषणं सगळं होतं. अमरेशच्या मनात होतं की सत्कारानंतर बाबांच्या हातात अचानक त्यांचा जुना कॅमेरा द्यायचा आणि सगळ्या मंडळाचा फोटो काढायला लावायचा. त्याला बिचाऱ्याला जुनं काहीच ठाऊक नव्हतं. तो तेव्हा पाच वर्षांचा होता.

अक्काने कॅमेरा उलटा करून खालचा नंबर पाहिला. मग नेहमीसारखी कामाची चिठ्ठी लिहिली, तारीख टाकली, त्याची सही घेतली आणि म्हणाली, "चार दिवसांनी या."

तो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि मी उभी राहिले. "अक्का, तोच हाय की हा."

"नंबर पाठ हाय मला," ती म्हणाली.

आता जुनं सांगते. आमचे वडील कल्लप्पा हे सोलापुरातले त्या वेळचे नावाजलेले कॅमेरा मेकॅनिक. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी अक्काला शिकवलं असं लोक म्हणायचे. मी सांगते, मुलगा असता तरी तिलाच शिकवलं असतं, इतका तिचा हात हलका होता. अठ्ठ्याण्णव साली नवरात्राच्या आधी महेश्वरने हा कॅमेरा साफसफाईला दिला. फक्त बॉडी दिली होती, लेन्स स्वतःजवळ ठेवली होती. अप्पा तापाने पडले होते. चोवीस वर्षांच्या अक्काने ते काम एकटीने केलं. अप्पांनी उठून तपासलंही नाही. ते तिचं पहिलं एकटीचं काम होतं.

तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तावर अक्कलकोटच्या एका बड्या घरचं लग्न महेश्वरने ह्या कॅमेऱ्याने टिपलं. फ्लॅश न वापरता मांडवातल्या दिव्यांवर फोटो काढायचे, ही त्याची ऐट. फोटो धुऊन आले, तर एकाही फोटोत नवरा-नवरी स्पष्ट नव्हते. लग्नाचे फोटो पुन्हा कुठून काढणार? मुलीकडची माणसं त्याच्या स्टुडिओत येऊन बसली. महेश्वरने सांगून टाकलं की कल्लप्पाने कॅमेरा पोरीच्या हातात दिला आणि पोरीने बिघडवला. आठव्या दिवशी मंडळाची बैठक बोलावली. अप्पा अक्काला घेऊन गेले. मी दाराशी अप्पांची पिशवी धरून उभी होते.

"कॅमेरा दाखवा, मी बघतो," अप्पा म्हणाले.

"असला कॅमेरा घरात कोण ठेवंल? कंबर तलावात फेकला," महेश्वर म्हणाला, आणि फोटोंचा गठ्ठा अप्पांच्या अंगावर फेकला.

अप्पांनी अक्काकडे पाहिलं. तिची नजर खाली. तिला वाटत होतं की काम बरोबर केलंय, पण हातात कॅमेरा नसताना सांगणार काय? अप्पा पुढे झाले आणि स्वतःपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असलेल्या माणसाच्या पायाला वाकून हात लावला. साठ माणसं बसली होती. कुणी "अहो कल्लप्पा, असं काय करता" इतकंही म्हणालं नाही. अक्काने खाली पडलेला एक फोटो उचलला आणि ओच्यात खोचला.

त्यानंतर अप्पांनी तिला कॅमेरा उघडू दिला नाही. तिने स्क्रू-ड्रायव्हर उचलला की ते कानडीत म्हणायचे, "ब्याड." म्हणजे नको. सात वर्षं ती घड्याळात सेल घालत आणि रेडिओ झटकत बसली. अप्पा दोन हजार पाचला गेले. जाईपर्यंत त्यांचा समज तोच होता, की आपल्या मुलीच्या हातून एका नव्या संसाराचे फोटो गेले. ते तिला कधी रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून त्या दिवशी, टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे बघत मी अक्काला सरळ म्हटलं, "आतल्या स्क्रूला पाव फेरा दे. काढू दे त्याला सगळ्या मंडळाचा फोटो. सगळी तोंडं पुसट आली की मग बघू, कसला सत्कार."

"मग म्हणतील, कल्लप्पाच्या पोरीनं दुसऱ्यांदा बिघडवला," अक्का म्हणाली. "आदी ह्याला काय झालंय ते बघू दे."

ह्या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. ह्यात लेन्समधून बघायची सोय नसते. वर एक छोटी खिडकी असते आणि तिच्या मधोमध एक फिकट चौकोन. चौकोनात समोरच्या वस्तूचं दुसरं चित्र दिसतं, जरा बाजूला सरकलेलं. लेन्सची रिंग फिरवत गेलं की ते सरकत येऊन पहिल्या चित्रावर बसतं. बसलं की फोकस झाला असं मानायचं. पण खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत चित्रं जुळली म्हणून फिल्मवर तसंच उमटेल असं नाही. तेव्हा पुसट फोटो आला की आधी शोधायचं असतं की खोटं कोण बोलतंय, खिडकी की लेन्स.

अक्काने वरचं झाकण काढलं. आत खिडकीची मापं जुळवायचे तीन बारीक स्क्रू असतात. अप्पांची एक पद्धत होती. माप जुळलं की ते स्पिरिटमध्ये लाख विरघळवून तीत चिमूटभर विभूती घालायचे आणि स्क्रूच्या माथ्यावर तिचा ठिपका ठेवायचे. राखाडी ठिपका वाळला की दगडासारखा घट्ट होतो. नंतर कुणी स्क्रू नुसता हलवला तरी त्याला तडा जातो. गिऱ्हाइकाने घरी काडी केली की अप्पा ठिपका दाखवून त्याला गप्प करायचे.

तिने भिंग माझ्या डोळ्याला लावलं. तीन ठिपके. एकालाही तडा नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीने ठेवले होते, तसेच. मी तिथेच रडायला लागले. अक्काने माझ्या हातून भिंग काढून घेतलं, कारण त्यावर पाणी पडायला लागलं होतं.

"हे कुणी हलवलं न्हाय एवढंच कळलं," ती म्हणाली. "मी तवा बरोबर लावलं होतं का, ते अजून कळलं न्हाय."

आम्ही कॅमेरा घेऊन गच्चीवर गेलो. अप्पांची एक लेन्स आहे, त्याच बनावटीची. ती त्यांनी कधी विकली नाही, तिच्यावर कधी फोटोही काढला नाही. ती फक्त मापाची. अक्काने आधी ती चढवली. मागचं झाकण काढून, शटर उघडं धरून, फिल्मच्या जागी एक घासलेली काच टेकवली. फिल्मवर जे उमटणार ते त्या काचेवर उलटं दिसतं. होटगी रोडच्या बाजूला लांबवर मोबाइलचा टॉवर आहे. खिडकीत टॉवरची दोन चित्रं एकावर एक बसली, आणि काचेवरही टॉवरची दांडी न दांडी मोजता आली. मग एक मीटरवर पाच पेन्सिली रांगेत, एकीमागे एक उभ्या केल्या आणि मधल्या पेन्सिलीवर फोकस लावला. काचेवरही मधलीच स्पष्ट होती. बॉडीत काही चूक नव्हती.

मग महेश्वरची लेन्स चढवली. खिडकीत टॉवर जुळला. काचेवर मात्र टॉवर धुक्यात गेल्यासारखा पुसट.

"लेन्स," अक्का म्हणाली. एवढंच.

मग तिने कपाटातून तो फोटो आणला. ओच्यात खोचून आणलेला. नवरी पुसट, नवरा पुसट, आणि त्यांच्या मागे दोन हातांवर ताट घेऊन उभा असलेला एक माणूस इतका स्पष्ट की त्याच्या मिशीचा केस न केस दिसावा. अक्काने गच्चीवर तीन मीटरवर एक तांब्या ठेवला, त्याच्या मागे दोन हात सोडून दुसरा. फोकस पुढच्या तांब्यावर लावला. काचेवर मागचा तांब्या लखलखीत होता आणि पुढचा पुसट. मी फोटो आणि काच आलटून पालटून बघत राहिले.

खाली येऊन तिने लेन्स उघडली. काचेचा गोळा जिथे बसतो तिथे त्याच्याखाली एक पितळेची चकती असते, पोस्टकार्डाहून पातळ. ती चकती गोळ्याला जागेवर, नेमक्या उंचीवर धरते. इथे चकतीच नव्हती. गोळा तेवढा आत गेला होता, म्हणून प्रत्येक फोटोत फोकस माणसाच्या मागे जाऊन पडत होता. आणि आट्यांमध्ये काहीतरी तपकिरी, चिकट वाळलेलं होतं. अक्काने सुईच्या टोकावर काढून पांढऱ्या कागदावर घासलं. लाल उमटलं. कुंकू.

सोलापुरातला कुठलाही जुना फोटोग्राफर खंडेनवमीला कॅमेरा पूजेला मांडतो. हळदकुंकू, फूल, काही जण पंचामृताचे चार थेंबही शिंपडतात. अप्पा दरवर्षी सगळ्यांना ओरडायचे की पूजा करा, पण कॅमेरा कातडी पेटीतून काढू नका, दूध-साखर आत गेलं तर रिंग धरते, फिरेनाशी होते. महेश्वरची रिंग धरली असणार. अप्पांच्या शिव्या खाव्या लागतील म्हणून त्याने घरीच लेन्स उघडली असणार. हे आम्ही अंदाजाने म्हणत होतो. अक्काने नवी चकती कापायला पितळेचा पत्रा काढला होता, तेवढ्यात दारात तो स्वतः उभा.

त्याला अहो-जाहो करणं माझ्या जिभेला जमत नाही. सत्तरी ओलांडली आहे, काठी लागते. कपाटात कॅमेरा दिसला नाही म्हणून त्याने मुलाला विचारलं असणार.

"रुद्राणी, पोरानं मला न विचारता आणला. दे तो परत."

"काम चालू हाय," अक्का म्हणाली. "बसा. कंबर तलावातनं कवा काढला?"

तो बसला. तिने एकही शब्द जास्त न बोलता त्याला भिंगातून तीन ठिपके दाखवले. मग उघडी लेन्स दाखवली. मग कागदावरचं कुंकू दाखवलं. मग त्याने पाकीट काढलं, देवाच्या फोटोमागून एक घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. आत पितळेची चकती होती.

"ही घाल," तो म्हणाला. "तिचीच हाय."

मला आधी कळलंच नाही. अक्काला कळलं. "कवा सापडली?"

"खंडेनवमीला लेन्स उघडली होती. ही पेपरवर ठेवली असंल, चिकटून ताटाखाली गेली. अक्कलकोटचं लग्न झाल्यावर चार दिवसांनी आमची मंडळी देव्हारा घासत होती, तवा सापडली."

मी मोजलं. बैठक लग्नानंतर आठव्या दिवशी होती. म्हणजे अप्पा ज्या दिवशी वाकले, त्या दिवशी ही चकती चार दिवसांपासून ह्याच्या घरात होती. ह्याला ठाऊक होतं. ह्याने ठाऊक असताना आपले पाय पुढे केले. मी टेबलावरची पत्रा कापायची कात्री उचलली होती, असं अक्का नंतर म्हणाली. मला आठवत नाही.

"सगळ्यांना सांगून बसलो होतो," तो म्हणाला. "अक्कलकोटची माणसं, मंडळ. मागं कसं फिरायचं? पन चकती टाकवली न्हाय. तेवढं मात्र झालं न्हाय माझ्यानं."

काय करायचं तुझ्या चकतीचं, पूजा करायची? हे मी मोठ्याने म्हणाले. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काठी भिंतीला टेकवली आणि अक्काच्या पायाकडे वाकायला लागला. अक्काने स्टूल सर्रकन मागे घेतलं.

"हितं न्हाय."

"रुद्राणी..."

"अप्पा ह्या खोलीत वाकले न्हाईत. जिथं वाकले तिथं सांगा. एकोणीसला."

"त्या दिवशी माझा सत्कार हाय, पोरी."

"म्हणूनच की."

"बघतो," म्हणून तो उठला.

तो गेल्यावर अक्काने त्याचीच चकती साफ करून बसवली. टॉवर, पेन्सिली, तांबे, सगळं पुन्हा तपासलं. सगळं जिथल्या तिथे आलं. आट्यांतलं कुंकू तिने धुतलं नाही, एका पुडीत बांधून ठेवलं. लेन्सच्या आतल्या रिंगवर विभूतीचा ठिपका ठेवला. मी विचारलं, एवढं नीट कशाला करतेस? "दुरुस्तीला आलाय," ती म्हणाली, आणि कामाची चिठ्ठी पुढे ओढून बराच वेळ लिहीत बसली.

एकोणीसला सकाळी अकराला मंडळाचं तेच सभागृह भरलं होतं. जुनी माणसं पुढे, नवी पोरं मागे आणि कडेला. महेश्वरला शाल घातली, मानपत्र वाचलं. मग तो बोलायला उभा राहिला. वीस मिनिटं बोलला. कुठून सुरुवात केली, कसे दिवस काढले. शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांत माझ्याकडून कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं विसरून जा." टाळ्या पडल्या. माझ्या कानातून वाफ निघाली. कळत-नकळत! अक्काने माझ्या मांडीवर हात दाबून धरला, नाहीतर मी तिथेच उभी राहून त्याला त्याचं मानपत्र खायला लावलं असतं.

मग अमरेशने हौसेने माइक घेतला. बाबांसाठी एक भेट आहे, म्हणाला, आणि तो कॅमेरा ज्यांनी जिवंत केला त्या रुद्राणी अक्कांनीच तो द्यावा. महेश्वरचा चेहरा उतरला. अक्का पदर सावरत व्यासपीठावर गेली. एका हातात कॅमेरा, एका हातात चिठ्ठी.

"आमच्या दुकानात काम देताना चिठ्ठी वाचून सही घेतात," ती माइकमध्ये म्हणाली. चार वाक्यांच्या वर न बोलणारी माझी बहीण. "अप्पांची पद्धत. वाचते."

तिने वाचलं. बॉडी, दोष नाही. सप्टेंबर अठ्ठ्याण्णवमध्ये रुद्राणी कल्लप्पा यांनी लावलेली मापं आजही बरोबर, तिन्ही ठिपके अखंड. लेन्स, मालकाने घरी उघडलेली, आत कुंकू. एक चकती नाही, त्यामुळे तीन मीटरवर फोकस दोन हात मागे. सदर चकती लग्नानंतर चौथ्या दिवशी मालकाला सापडली. मंडळाच्या बैठकीच्या चार दिवस आधी. मालकाने ती सव्वीस वर्षं पाकिटात ठेवली आणि आता आणून दिली. बसवली. कॅमेरा बरोबर चालतो.

मागच्या पोरांना काही कळलं नाही. पुढच्या रांगांना सगळं कळलं.

"सही," अक्का म्हणाली आणि पेन पुढे केलं.

अमरेश बापाकडे बघत होता. त्या मुलाची मला दया आली. बाकी कुणाचीही नाही. महेश्वरने सही केली. मग स्वतःच माइकजवळ आला आणि म्हणाला, "खरं हाय. कल्लप्पांची चूक नव्हती. हिची नव्हती. मला ठाऊक होतं." मग शाल खांद्यावर असतानाच तो वाकला. ह्या वेळी अक्काने पाय मागे घेतले नाहीत. त्याला पुरतं वाकू दिलं, हात पायाला लागू दिला, आणि उठवायला हातही पुढे केला नाही. अमरेशने त्याला धरून खुर्चीत बसवलं.

मला वाटलं, झालं. पहिल्या रांगेतून बिरप्पा काका उठले. लग्नाच्या फोटोंचा जुना माणूस, अप्पांच्या दुकानात रोज पान खायला यायचा. समजूत काढायच्या आवाजात म्हणाले, "झालं गेलं, रुद्राणी. म्हातारा माणूस हाय. सोड आता."

अक्काने माइक खाली ठेवला नाही. "बिरप्पा काका, अप्पा वाकले तवा तुमी कुटं बसला होता?"

काकांनी शेजारच्याकडे पाहिलं.

"मी सांगू? दुसऱ्या रांगेत, खिडकीकडं. उठला होता?"

"न्हाय," काका म्हणाले.

"बसा मग."

ते बसले. अक्काने पुढच्या रांगांवर नजर फिरवली. त्या दिवशीच्या साठांपैकी अकरा जण सभागृहात होते, आणि कोण कुठे बसलं होतं ते आम्हा दोघींना पाठ आहे. तिने अकराही जणांना नावानं हाक मारून तेच विचारलं, आणि प्रत्येकाच्या तोंडून "न्हाय" येईपर्यंत माइक हातातून सोडला नाही.